सात नंबरचं आयर्न, सोनाराचा काटा आणि बादलीभर मीठपाणी: घरच्या घरी गोल्फ क्लबचे प्रयोग

मी स्वतः जोडलेला पहिला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा गोल्फ क्लब, सतरा फटके टिकला. सतराव्याला चेंडू कुठे गेला ते आठवत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष त्याच्या मागोमाग उडालेल्या हेडकडे होतं. हातात नुसती काठी घेऊन मी उभा. शेजारी सराव करणाऱ्या काकांनी शांतपणे विचारलं, "दुसरं आणलंय का?" कुणाला लागलं नाही हे नशीब. चूक अगदी बाळबोध होती. शाफ्टच्या, म्हणजे काठीच्या, टोकावरचा रंग मी खरवडला नव्हता आणि पाच मिनिटांत सुकणारा गोंद वापरला होता. गोंद रंगाला चिकटला आणि रंग शाफ्टला सोडून गेला.

त्यानंतर पुण्यातल्या माझ्या गॅलरीत बऱ्याच क्लबांची चिरफाड झाली. या उचापतींना परंपरा आहे. १९५९ साली जनरल इलेक्ट्रिकमधला कार्स्टन सोलहाइम हा इंजिनिअर आपल्या पटिंगला, म्हणजे चेंडू खड्ड्यात ढकलण्याच्या हलक्या फटक्याला, वैतागला आणि कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचा पटर बनवला. वजन हेडच्या दोन टोकांना वाटलं, म्हणजे चेंडू मधोमध लागला नाही तरी हेड कमी फिरेल, असा साधा हिशोब. चेंडू लागला की त्यातून 'पिंग' असा आवाज यायचा, तेच पुढे कंपनीचं नाव झालं. आपल्याला कंपनी काढायची नाही. पण हेड, शाफ्ट आणि चेंडू यांतलं काय बदललं की काय होतं, हे स्वतःच्या हाताने तपासायचं असेल तर मी आज ज्या क्रमाने काम करतो तो क्रम पुढे देतो.

सुरुवात कशाने करायची

ड्रायव्हरने करू नका. हेड महाग, शाफ्ट लांब, आणि फटक्या-फटक्यातला फरक इतका मोठा की प्रयोगाचा निकाल त्यात बुडून जातो. जुनी, स्टील शाफ्टची, एकाच संचातली आयर्न (धातूच्या पातळ हेडचे, मधल्या अंतराचे क्लब) घ्या. आपल्याकडे जुने क्लब कॅडी मंडळींकडे, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्यांकडे, सापडतात. सदस्यांनी टाकून दिलेले अर्धे संच त्यांच्याकडे पडून असतात. शक्य झालं तर एकाच मॉडेलची दोन सात नंबरची आयर्न मिळवा. एकाला हात लावायचा नाही, दुसऱ्यावर सगळे प्रयोग. हात न लावलेला जोडीदार नसेल तर महिन्याभराने 'सुधारणा झाली' असं वाटेल, पण ती क्लबमुळे की सरावामुळे ते कळायला मार्ग नसेल.

सामान फार लागत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा (सोनाराकडे असतो तसा, पण अर्धा किलो पेलणारा), स्टीलची मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर, बेंच व्हाइस, बारीक दात्यांचं पातं लावलेली हॅकसॉ, सँडपेपर, हीट गन, डबल टेप, टर्पेंटाईन आणि एक वही. वहीला पर्याय नाही. मोबाइलमध्ये लिहिलेलं मला तरी नंतर कधीच सापडलेलं नाही.

आधी मोजमाप

क्लब उघडण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: एकूण वजन, लांबी, तोल कुठे साधतो ती जागा आणि ग्रिपचा (मुठीच्या आवरणाचा) प्रकार.

तोल काढायला मोजपट्टी ओट्यावर उभ्या कडेवर घट्ट धरा आणि क्लब तिच्यावर आडवा ठेवून मागेपुढे सरकवा. जिथे तो डुलत थांबतो, तिथपासून ग्रिपच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर इंचात मोजा. आता दुकानात जो 'स्विंगवेट' (क्लब फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचा आकडा) म्हणून मिरवला जातो, तो आपण महागड्या काट्याशिवाय काढू शकतो. तो काटा ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकू देतो, एवढंच त्यातलं गुपित. म्हणून:

तोलाच्या अंतरातून १४ वजा करा आणि एकूण वजनाने गुणा.

समजा सात नंबरचं वजन ४२५ ग्रॅम आहे आणि तोल २८.५ इंचांवर आहे. २८.५ वजा १४ म्हणजे १४.५, गुणिले ४२५ म्हणजे ६१६२ ग्रॅम-इंच. स्विंगवेटच्या पायऱ्यांत 'डी-झीरो' म्हणजे साधारण ६०५३ आणि पुढची प्रत्येक पायरी जवळपास ५० ची. म्हणजे हा क्लब डी-टू, पुरुषांच्या आयर्नमध्ये नेहमी आढळणारा आकडा.

हे एकदा हातात आलं की दुकानदाराचे ठोकताळे कुठून आले तेही कळतं. आयर्नच्या हेडवर २ ग्रॅम लावले तर ते टेकूपासून सुमारे २३ इंच लांब बसतात, २ गुणिले २३ म्हणजे ४६, जवळपास एक पायरी वर. ग्रिप ५ ग्रॅमने जड केली तर ती टेकूच्या अलीकडच्या बाजूला असते, म्हणून एक पायरी खाली. क्लब वरून अर्धा इंच कापला तर तीन-चार पायऱ्या एकदम खाली. माझ्या ओळखीतल्या एकाने ड्रायव्हर आवरत नाही म्हणून इंचभर कापला आणि 'आता हेड जाणवतच नाही' म्हणून महिनाभर कुरकुरत होता. जाणवणार कसं? त्याने हेडवर परत वजन लावलंच नव्हतं.

फुकटातले दोन प्रयोग

पहिला प्रयोग: चेंडू फेसवर (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूवर) नेमका कुठे लागतो? पायांसाठी मिळणारी पावडर स्प्रे किंवा ड्राय शाम्पू फेसवर पातळ मारा. चेंडूचा ठसा स्पष्ट उमटतो. वीस फटक्यांचे ठसे वहीत टिंबांनी काढा. बहुतेकांना इथेच धक्का बसतो. 'शाफ्ट मऊ आहे म्हणून अंतर मिळत नाही' म्हणणाऱ्या माझेच वीसपैकी तेरा ठसे टोकाकडे होते (टोक म्हणजे हेडची शाफ्टपासून लांबची बाजू, टाच म्हणजे शाफ्टजवळची). शाफ्ट बिचारा निर्दोष होता.

दुसरा प्रयोग लाय अँगलचा, म्हणजे फटक्याच्या क्षणी क्लबचा तळ जमिनीला समांतर असतो की नाही. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा आणि ती फेसच्या समोर येईल अशी, अगदी ओळंब्यात ठेवा. शाई ओली असतानाच फटका मारा. रेघ फेसवर उमटते. खाचांशी काटकोनात सरळ उभी असेल तर उत्तम. रेघेचा वरचा भाग हेडच्या टोकाकडे झुकला असेल तर क्लब तुमच्यासाठी जास्त उभा आहे आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचे चेंडू डावीकडे जातात. टाचेकडे झुकला तर उलट. मऊ कार्बन स्टीलची घडीव आयर्न एक-दोन अंशांनी वाकवता येतात. ओतीव स्टेनलेसची चिवट असतात, कधी तडकतातही. वाकवण्याचं काम मात्र योग्य साचा असलेल्याकडूनच करून घ्या. मी एकदा व्हाइस आणि पाइपच्या जोरावर प्रयत्न केला. ते पाच नंबर आता कुंडीला आधार म्हणून उभं आहे.

प्रयोग कसा करायचा, म्हणजे स्वतःला कसं फसवायचं नाही

या छंदात सगळ्यात बेभरवशाचं उपकरण म्हणजे आपण स्वतः. माझ्या सात नंबरच्या फटक्यांचं अंतर सरासरीच्या मागेपुढे साधारण आठ यार्ड हलतं. दहा फटक्यांची सरासरी काढली तरी त्या सरासरीतच अडीच यार्डांची अनिश्चितता उरते. दोन क्लबांच्या सरासऱ्या ताडल्या की ती साडेतीनच्या वर जाते. म्हणजे दहा-दहा फटके मारून 'नवा शाफ्ट तीन यार्ड जास्त देतो' म्हणणं हे छापा-काट्याइतकंच भरवशाचं. पाच-पाच फटक्यांवर शाफ्ट विकत घेणाऱ्यांबद्दल काय बोलणार!

म्हणून काही पथ्यं. एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी अ चे दहा आणि मग ब चे दहा असं कधीच करू नका, कारण पहिल्या दहात अंग मोकळं झालेलं नसतं आणि शेवटच्या दहात थकलेलं असतं. अ चे पाच, ब चे दहा, परत अ चे पाच, असा क्रम ठेवा. पूर्ण फसलेला फटका सोडून द्यायचा असेल तर नियम आधी ठरवा, उदाहरणार्थ ठसा फेसच्या बाहेर गेला तरच. चेंडू उतरल्यावर मनाला येईल तसे फटके गाळायचे नाहीत. आणि एकच बैठक पुरेशी नसते. तीन वेगवेगळ्या दिवशी निकाल एकाच दिशेला गेला तरच मी वहीत शाईने लिहितो.

रेंजवरचे (सरावाच्या मैदानावरचे) चेंडू झिजलेले, मिश्र आणि बरेचदा मुद्दाम कमी जाणारे असतात. त्यांच्यावर अंतर मोजू नका; दिशा, ठसे आणि उंची पाहायला ते चालतात. अंतरासाठी एकाच प्रकारचे डझनभर चेंडू घेऊन कोर्सवर शांत वेळी जा. लाँच मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) भाड्याने मिळाला तर चेंडूचा वेग आणि फिरकी आधी बघा, अंतर नंतर. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, हवा किंचित विरळ. मुंबईतल्या मित्राच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून भांडू नये. डिसेंबरच्या पहाटेचे आणि मेच्या दुपारचेही एकमेकांशी ताडू नयेत. थंड चेंडू कमी उसळतो आणि थंड हवा त्याला जास्त अडवते.

शक्य असेल तिथे डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी चाचणी करा. माझ्या बायकोने दोन्ही सात नंबरच्या पाठीवर सारखीच काळी इन्शुलेशन टेप लावली. एकीखाली शिशाची पट्टी, दुसरीखाली काही नाही. कोणती कुठली ते तिने तिच्याकडे लिहून ठेवलं. २ ग्रॅम मला ओळखता आले नाहीत, चार वेळा तर उलटं सांगितलं. ८ ग्रॅम दर वेळी ओळखले. त्याआधी मी एका ग्रॅमवरून कोर्सवर लोकांशी वाद घालत असे.

हेड: शिशाची पट्टी

हेडवरचा सगळ्यात स्वस्त आणि परत फिरवता येणारा प्रयोग हाच. चिकट शिशाची पट्टी मिळते. तुकडा कापला की काट्यावर तोला, पट्टीच्या रुंदीवर विश्वास ठेवू नका. आधी ४, मग ८ ग्रॅम, तळाजवळ मध्यभागी. स्विंगची लय बदलते का, ठसे फेसच्या मध्याकडे सरकतात का, ते पाहा. टाचेकडे वजन नेलं की हेड मिटायला (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस डावीकडे वळायला) मदत होते, टोकाकडे नेलं की ते मिटायला आळशी होतं, हे खरं. पण चार-पाच ग्रॅमने दिशा बदलेल अशी आशा धरू नका. ड्रायव्हरचं सगळं हेडच २०० ग्रॅमच्या आसपास असतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि तुकडे लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

ड्रायव्हरला हेड आणि शाफ्ट जोडणारं, फिरणारं ॲडॉप्टर असेल तर तोही प्रयोगच आहे. पण लक्षात घ्या, लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) वाढवला की क्लब जमिनीवर टेकवल्यावर फेस मिटलेला दिसतो, कमी केला की उघडा. म्हणजे एक गोष्ट बदलली असं वाटत असताना दोन बदललेल्या असतात.

शाफ्ट: मोजा, मग कापा

'रेग्युलर' आणि 'स्टिफ' या शाफ्टचा कडकपणा सांगणाऱ्या शब्दांना सगळ्या कंपन्यांना लागू असं कोणतंही प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टिफ दुसरीच्या रेग्युलरपेक्षा मऊ निघू शकतो. म्हणून लेबल सोडा आणि कंपनं मोजा. ग्रिपच्या टोकाकडचे ५ इंच रबर लावून व्हाइसमध्ये घट्ट पकडा, हेड वरखाली हलवून सोडा आणि मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये टिपा. दहा पूर्ण कंपनांना किती चित्रं लागली ती मोजा. १,४४,००० भागिले ती संख्या म्हणजे मिनिटाला होणारी कंपनं. ड्रायव्हरला ५५८ चित्रं लागली तर उत्तर २५८. कंपनं गोल फिरायला लागली तर परत सोडा, सरळ रेषेत हलली पाहिजेत. व्हाइस, रबर आणि ५ इंच हे कधी बदलू नका, कारण हे आकडे तुमच्याच व्हाइसवरच्या दुसऱ्या शाफ्टशी ताडण्यापुरते खरे. मी माझ्या जुन्या संचाची अशी मोजणी केली तेव्हा सहा नंबर बाकी सगळ्यांपेक्षा मऊ निघालं. तेच आयर्न मला वर्षभर 'आवडत' नव्हतं, कारण मात्र कळत नव्हतं.

आता काढायचं काम. स्टील शाफ्ट व्हाइसमध्ये लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरा, हातात चामडी मोजे घाला, होझलला (हेडच्या, शाफ्ट बसते त्या नळीला) चारही बाजूंनी हीट गनने गरम करा. गोंद मऊ झाला की हेड पिळत ओढा. फेरूल, म्हणजे होझलच्या तोंडाशी शाफ्टवर बसणारं कडं, प्लॅस्टिकचं असतं, ते जाणारच, नवं लावा. ग्रॅफाइट शाफ्ट कधीही पिळायचा नाही, त्याचे धागे तुटतात. तो सरळ रेषेत ओढावा लागतो आणि त्यासाठी शाफ्ट पुलर लागतो. कार्बनचं छप्पर असलेल्या ड्रायव्हर हेडला घरी उष्णता देऊ नका. हे सगळं मोकळ्या हवेत करा. जळत्या गोंदाचा धूर बरा नव्हे.

नवा शाफ्ट घेताना टोकाचा व्यास पाहा. ड्रायव्हरला बहुधा ०.३३५ इंच, आयर्नला ०.३७० इंचाचं समांतर टोक किंवा ०.३५५ इंचाचं निमुळतं टोक. निमुळत्या टोकाचा शाफ्ट खालून कापायचा नसतो, तो ठरावीक लांबीलाच येतो. समांतर टोकाचा खालून कापला की कडक होतो, वरून कापला की मुख्यतः आखूड होतो. लांबीचं मोजमाप करताना कुठलं टोक कापायचं यावर टेप चिकटवून मोठा बाण काढा. माझं ऐका. हसू नका. ग्रॅफाइट कापताना त्या जागी मास्किंग टेप गुंडाळा, तोंडाला मास्क लावा आणि पातं सावकाश चालवा, नाहीतर धागे उसवतात.

जोडणी

इथे घाई केली की पहिल्या परिच्छेदातला प्रकार होतो. होझलच्या आतला जुना गोंद तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. शाफ्टचा जेवढा भाग आत जाणार तेवढा सँडपेपरने घासून चमक आणि रंग घालवा. ग्रॅफाइटवर हात हलका, धागे दिसेपर्यंत घासायचं नाही. स्पिरिटने पुसा, वाळू द्या. त्यानंतर त्या भागाला बोट लावायचं नाही. हळू सुकणारा, दोन नळ्यांचा, धक्के पेलणारा इपॉक्सी समसमान घ्या आणि नीट एकजीव करा. शाफ्टला आणि होझलच्या आत, दोन्हीकडे लावा. शाफ्ट फिरवत तळाला टेकेपर्यंत घाला, बाहेर आलेला गोंद पुसा, क्लब भिंतीला उभा करा आणि पूर्ण चोवीस तास विसरून जा. थंडीत मी दोन दिवस ठेवतो.

ग्रिपचं काम सोपं आहे: डबल टेप, भरपूर टर्पेंटाईन ग्रिपच्या आत आणि टेपवर, एका दमात सरकवा, रात्रभर ठेवा. पेट्रोल वापरणारे महाभाग मी पाहिलेत; वापरू नका. टेपचा एखादा जास्तीचा थर देऊन ग्रिप जाड करून पाहणं हाही स्वस्तातला चांगला प्रयोग. वजन मात्र परत मोजा.

चेंडू

चेंडूवरचे प्रयोग पावसाळ्यासाठी राखून ठेवावेत. नियमाने चेंडूचं वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम आणि व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर. काटा आणि व्हर्नियर काढून जुन्या पिशवीतले सगळे मोजा. तळ्यातून काढलेले, महिनोन्‌महिने पाण्यात पडलेले चेंडू वेगळे ठेवा.

तोल तपासायला एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ३०० ग्रॅम मीठ विरघळवा. चेंडू साध्या पाण्यात बुडतो, यात तरंगतो. वर आलेल्या बिंदूवर मार्करने खूण करा, चेंडू फिरवून परत सोडा. पाच वेळा तीच खूण वर आली तर चेंडू एका बाजूला जड आहे. प्रत्येक वेळी वेगळी बाजू आली तर समतोल. असमतोल चेंडू पटिंगमध्ये वापरू नका एवढाच माझा निष्कर्ष. ड्रायव्हरच्या फटक्यावर मला त्याचा परिणाम वेगळा काढता आलेला नाही.

उसळीसाठी भिंतीला मोजपट्टी लावा, २ मीटरवरून चेंडू शहाबादी फरशीवर सोडा आणि स्लो-मोशनमध्ये उंची वाचा. एक चेंडू तासभर फ्रिजमध्ये, एक उन्हात ठेवून हाच प्रयोग करा. फरक डोळ्यांना दिसतो.

खरा उपयोगी प्रयोग छोट्या फटक्यांचा आहे. कठीण आयनोमर आवरणाचा स्वस्त चेंडू आणि मऊ युरेथेन आवरणाचा महाग चेंडू, दोन्ही वीस यार्डांवरून वेजने (जास्त झुकलेल्या फेसच्या, छोट्या फटक्यांच्या क्लबने) त्याच जागी टाका. पडला कुठे आणि थांबला कुठे, दोन्ही खुणा मोजा. युरेथेनचा लवकर थांबतो. ड्रायव्हरवर या दोघांतला फरक त्यामानाने फार कमी असतो. म्हणजे महाग चेंडू घ्यायचा की नाही याचं उत्तर तुम्ही ग्रीनजवळ (खड्ड्याभोवतीच्या बारीक गवताजवळ) काय करता त्यावर आहे.

चेंडू कापून आतले थर बघायचा मोह होतो. घन गाभ्याचा व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने कापा. जुना, रबराचे धागे गुंडाळलेला चेंडू मात्र कापू नका. आतले धागे ताणलेले असतात आणि काहींच्या गाभ्यात दाबाखाली द्रव असतो, तो डोळ्यात उडू शकतो.

कोर्सवर नेण्याआधी

स्पर्धेत खेळत असाल तर पिशवीत १४ क्लबांपेक्षा जास्त नकोत, ड्रायव्हर हेडचा आकार ४६० घन सेंटिमीटरच्या आत हवा, आणि फेरी सुरू झाल्यावर क्लबचे गुणधर्म मुद्दाम बदलायचे नाहीत. ॲडॉप्टर फिरवणं किंवा शिशाची पट्टी लावणं-काढणं, दोन्ही त्यात आलं.

घरी जोडलेला क्लब आधी जाळीत पन्नास फटके मारून पाहा, पुढे कुणी नसताना. फेरूल आणि होझल यांच्या सांध्यावर पांढऱ्या पेनने एक आडवी, सांध्याला लागून, आणि एक उभी, दोन्ही ओलांडून जाणारी, अशा दोन बारीक रेघा काढून ठेवा. दर दहा फटक्यांनी बघा. फट केसाएवढी जरी वाढली किंवा उभी रेघ तुटून सरकली तरी फटके थांबवा, हेड गरम करा आणि जोडणी पहिल्यापासून करा. माझ्या त्या ड्रायव्हरवर अशी रेघ असती तर दहाव्या फटक्यालाच ती सरकलेली दिसली असती.